माहितीपर उताऱ्याची मांडणी मुलांनी ओळखावी कशी?

मॅडम, आपण लिहिले आहे की सातवी-आठवीच्या मुलांना वर्णन, क्रम, तुलना, कार्यकारण आणि समस्या-उपाय ही मांडणीच्या प्रकारांची नावे तोंडपाठ आहेत, 'कारण', 'म्हणून', 'परंतु', 'त्यानंतर' असे खुणेचे शब्दही ती अधोरेखित करतात, आणि तरीही नवा उतारा समोर आला की प्रकार हमखास चुकतो. यवतमाळ आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळांत मीही बराच काळ हेच पाहत आलो आहे. माझ्या मते खुणेचे शब्द काही काळ बाजूला ठेवावेत आणि प्रत्येक उताऱ्याला मुलांनी एकच गोष्ट विचारावी: लेखक येथे कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे?

खुणेच्या शब्दांवर मराठीत फार भिस्त ठेवता येत नाही. 'गुलाबी बोंडअळी ही कपाशीची प्रमुख कीड म्हणून ओळखली जाते' या वाक्यात 'म्हणून' आहे, पण कारणाचा मागमूस नाही. 'पाऊस आला तर पेरणी करू' यातील 'तर' अट घालतो आणि 'कपाशीला काळी जमीन मानवते, तर संत्र्याला निचऱ्याची लागते' यातील 'तर' दोन पिके समोरासमोर उभी करतो. 'तुरीची मुळे जमिनीत खोल जातात' यातील 'मुळे' अधोरेखित करून पुढे 'कार्यकारण' लिहिणारा विद्यार्थी दरवर्षी एखादा निघतोच, आणि त्याला रागावता येत नाही, कारण सांगितलेले काम त्याने चोख केलेले असते. उलट, जिथे खरोखर कारण सांगितलेले असते तिथे ते बहुधा क्रियापदाच्या रूपात दडलेले असते: 'पाऊस लांबल्याने पेरणी खोळंबली', 'शेंगांत पाणी शिरून दाणे काळे पडले'. यादीतला एकही शब्द या वाक्यांत सापडणार नाही.

वर्गात वापरता येईल असा एक छोटा उतारा देतो. 'जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले. उन्हाच्या तीव्रतेने बाष्पीभवन होऊन सरोवरातील पाण्याची पातळी खाली गेली होती आणि पाण्याचा खारेपणा वाढला होता. अशा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून हे सूक्ष्मजीव त्यात असल्याचे सांगितले.' साल आणि महिना दिसताच बहुतेक मुले 'क्रम' असे उत्तर देतात, तर सरोवराचे नाव दिसल्यामुळे काही जण 'वर्णन' म्हणतात. आता त्यांना ही वाक्ये घडलेल्या क्रमाने लावायला सांगावे. आधी ऊन, मग बाष्पीभवन, मग खारेपणा, मग सूक्ष्मजीव आणि शेवटी रंग असा क्रम लागतो, म्हणजे जी घटना सर्वांत शेवटी घडली ती लेखकाने पहिल्याच वाक्यात ठेवलेली आहे. असे का केले असावे, हे मुलांनाच विचारावे. 'पाणी गुलाबी का झाले' हे सांगायचे होते म्हणून, असे उत्तर कोणीतरी देतेच, आणि तिथे कार्यकारण हे नाव आपोआप जागेवर बसते. त्याच सरोवराविषयी 'उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरातील क्षारयुक्त पाण्याचे सरोवर' अशी माहिती देणारा परिच्छेद शेजारी ठेवला, तर विषय तोच राहूनही मांडणी बदलते हे मुलांना डोळ्यांनी दिसते. या दुसऱ्या परिच्छेदातील वाक्ये मागेपुढे केली तरी फारसे बिघडत नाही, आणि वर्णनाची ही चांगली कसोटी आहे.

तुलनेच्या बाबतीत एक अडचण नेहमी येते. संत्र्याच्या आंबिया आणि मृग या दोन बहारांवरचा (फुलोऱ्याच्या हंगामांवरचा) मजकूर दोन रीतींनी लिहिता येतो. फुले केव्हा येतात, ताण केव्हा द्यायचा (झाडाचे पाणी केव्हा तोडायचे), पाणी कुठून मिळणार अशा एकेका मुद्द्यावर दोन्ही बहार शेजारी शेजारी ठेवले, तर ती तुलना आहे हे मुले ओळखतात. पण आधी आंबियाची सगळी हकीकत आणि नंतर मृगाची सगळी हकीकत दिली, की तीच मुले 'दोन वर्णने' असे लिहून मोकळी होतात. अशा वेळी दोन रकाने आखून दुसऱ्या परिच्छेदातील प्रत्येक मुद्द्याला पहिल्यात जोडीदार आहे का, हे त्यांना शोधू द्यावे. जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांसमोर जून-जुलैची फुले आणि उन्हाळाभर लागणाऱ्या ओलितासमोर मृगाच्या पावसाचा भरवसा अशा जोड्या लागत गेल्या, तर तुलना ठरली. संत्र्याचे बगीचे ज्यांच्या घरी आहेत ती मुले इथे आपल्याला चार गोष्टी शिकवतात, हा वेगळा लाभ.

सर्वांत जास्त गोंधळ लांब मजकुरात होतो, कारण तिथे एका मांडणीच्या पोटात दुसरी असते. 2017 च्या हंगामात बोंडअळीने विदर्भात कपाशीचे मोठे नुकसान केल्यानंतर गावोगावी जी माहितीपत्रके पोहोचली, त्यांसारखे एखादे पत्रक वर्गात आणावे. त्यात अंडी, अळी, कोष, पतंग असा जीवनक्रम असतो, म्हणजे क्रम; डोमकळी (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेले फूल) कशी दिसते ते असते, म्हणजे वर्णन; फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेले कपाशीचे पीक) घेतल्याने आणि पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवल्याने अळीला आश्रय मिळतो हेही असते, म्हणजे कार्यकारण. मुले पहिला भाग वाचून 'क्रम' लिहितात आणि थांबतात. पत्रकाचा शेवटचा भाग मात्र कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे) लावा, सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी 8 पतंग सापडले तर फवारणीचा निर्णय घ्या, हंगाम वेळेवर संपवा, अशा सूचनांचा असतो, आणि आधीचे सगळे भाग या सूचना पटाव्यात म्हणून आलेले असतात. म्हणून संपूर्ण पत्रकाची मांडणी समस्या-उपाय अशीच म्हणावी लागते. एकेका परिच्छेदाला आणि सबंध मजकुराला वेगवेगळी नावे देण्याची मुभा मुलांना द्यावी; एकच उत्तर बरोबर, असा आग्रह धरला की ती अंदाज बांधू लागतात.

हे सगळे करायचे कशासाठी, असे पालक विचारतात, असेही आपण लिहिले आहे. अमेरिकेत बॉनी मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला होता. लेखकाची मांडणी पकडून मजकूर आठवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लक्षात अधिक माहिती राहते, असे त्यात आढळले. आपल्याकडे परिसर अभ्यास आणि विज्ञानाचे धडे घोकणाऱ्या मुलांना याचा उपयोग भाषेच्या तासाइतकाच होतो.

वर्तमानपत्रातील बातम्यांचे उतारे मात्र सुरुवातीला घेऊ नयेत. बातमीत सर्वांत महत्त्वाचे आधी आणि किरकोळ तपशील शेवटी अशी निराळीच रचना असते, ती या पाचांपैकी कशातही नीट बसत नाही, आणि ती ओढूनताणून बसवण्यात तास वाया जातो. पाच प्रकारांवर मुलांचा हात बसला, की सहावा प्रकार म्हणून बातमी घ्यावी.