कमी ऐकू येणारे मूल आणि घरातली भाषा

खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या पालकांकडून त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात आणि ऐकीव सल्ल्यांमुळे मुलांचे मोलाचे महिने वाया जातात, म्हणून काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : नातू पाच महिन्यांचा आहे. ताट वाजवले की दचकतो, पण हाक मारली तर वळत नाही. घरातले म्हणतात, त्याचे वडीलही तीन वर्षांनी बोलले. थांबावे का? (खानापूर)

उत्तर : थांबू नये. ताट वाजवणे ही श्रवणचाचणी नव्हे. ताटाच्या आवाजाला दचकणाऱ्या बाळाला ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी मुळीच ऐकू येत नसतील, किंवा ते केवळ तुमच्या हाताची हालचाल पाहूनही दचकत असेल. ओएई, म्हणजे कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी तपासणी, काही मिनिटांत होते. तीत शंका आली तर बाळ झोपलेले असताना बेरा (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे मोजणारी) चाचणी करतात आणि दोन्हींत वेदना होत नाहीत. जन्मानंतर १ महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, ३ महिन्यांच्या आत निदान आणि ६ महिन्यांच्या आत उपचारांना सुरुवात असे वेळापत्रक तज्ज्ञ मानतात. त्यातला जेमतेम एक महिना तुमच्या हाती उरला आहे. वडील उशिरा बोलले, या दाखल्यावरून बाळाच्या कानांविषयी काहीच कळत नाही. याच आठवड्यात बेळगावला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : कानात कोमट तेल घातल्याने ऐकू येऊ लागते का? (निपाणी)

उत्तर : नाही, आणि पडद्याला भोक असेल तर त्याने अपाय होतो.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे, दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. शाळा कन्नड माध्यमाची, घर मराठी. मराठी बंद करून फक्त कन्नड बोला आणि हातांच्या खुणा तर अजिबात करू नका, असे अनेकांनी सांगितले. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : हा सल्ला पाळलेली इतकी मुले माझ्याकडे आली आहेत की सविस्तर लिहिणे भाग आहे. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्यामुळे अशा मुलांचे बोलणे खुंटते, याला आधार नाही. नुकसान होते ते एकही भाषा पुरेशी न मिळाल्यामुळे. आई मराठीत विचार करते, आजी मराठीतच लाड करते आणि रागावते. अशा घराने एके दिवशी तोडक्यामोडक्या कन्नडात बोलायला सुरुवात केली, तर मुलीच्या वाट्याला ‘बस’, ‘खा’, ‘नको’ एवढ्या आज्ञाच येतात, आणि गोष्टी, कुरबुरी, ‘का’ आणि ‘कसे’ हे सारे तिच्यापासून दुरावते. तुम्हाला जी भाषा सहज येते तीतच, समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना, पूर्ण वाक्यांत बोला. कन्नडही ती शाळेत आणि गल्लीत शिकेल. पाठातले नवे शब्द आधी घरी पाठवण्याची विनंती मात्र बाईंना करा.

खुणांचे म्हणाल, तर श्रवणदोष असलेली ९० टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात खुणांची, म्हणजे सांकेतिक भाषा कोणालाच येत नसते आणि ती शिकणे म्हणजे हार मानणे, असा समज होतो. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने देशभर तिच्या प्रमाणीकरणाची भूमिका घेतली आहे. आंघोळीला यंत्र काढले किंवा बॅटरी संपली, तरी ती भाषा मुलीपाशी राहते.

सर्वांत अधिक काळजी मला जेवणाच्या पंगतीची वाटते. सगळे हसतात, मूल विचारते, “काय झालं?” आणि कोणीतरी म्हणते, “काही नाही गं, नंतर सांगते.” ते ‘नंतर’ कधी येत नाही. मग मूल न समजताही मान डोलवायला शिकते, आणि आपण त्याला शहाणे, शांत म्हणून नावाजतो. त्याचा आत्मविश्वास तिथेच ढासळत असतो. तो विनोद तेव्हाच्या तेव्हा पुन्हा सांगा, जेवण निवले तरी चालेल. कोणत्या भाषेवर किती भर द्यायचा, हे मुलीचा ऑडिओग्राम (कोणते आवाज किती ऐकू येतात याचा आलेख) पाहून वाक्-उपचारतज्ज्ञांबरोबर ठरवा.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्तात मिळणारे यंत्र मुलाला घ्यावे का? (चिकोडी)

उत्तर : घेऊ नये. अशी बरीच यंत्रे सगळे आवाज सारखेच मोठे करतात. मुलाचे यंत्र त्याच्या ऑडिओग्रामनुसार बसवावे लागते, आणि अतिमोठ्या आवाजाने उरलेली श्रवणशक्तीही घटू शकते. ‘आजच सवलत’ सांगून चाचणीआधीच पैसे मागणाऱ्या दुकानातूनही बाहेर पडा. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना यंत्रे मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

प्रश्न : दोन वर्षांचा मुलगा यंत्र सारखे काढून फेकतो. (हुक्केरी)

उत्तर : यंत्राचा कानात बसणारा साचा लहान झाला असेल किंवा आवाज जास्त ठेवला असेल, श्रवणतज्ज्ञांना दाखवा. बॅटरीचे झाकण कुलूपबंद होणारे घ्या, आणि बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठा.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलाला वर्गात ‘बहिरा’ म्हणतात. यंत्र दिसू नये म्हणून केस वाढवू द्यावेत का? (येळ्ळूर)

उत्तर : त्याला केस आवडत असतील तर जरूर वाढवावेत, यंत्र लपवण्यासाठी नकोत. “मला नीट ऐकू येत नाही, समोर येऊन बोल,” हे वाक्य त्याने स्वतः म्हणावे, याचा सराव घरी करून घ्या. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, हे सरांना तुम्ही सांगा. कमी ऐकू येणाऱ्या, नोकरीधंद्यात स्थिरावलेल्या एखाद्या प्रौढाशी त्याची ओळख करून द्या. मोठेपणी आपण कसे असू, हे या मुलांना कुठे पाहायलाच मिळत नाही. तो शाळा टाळू लागला असेल, तर मात्र मुख्याध्यापकांना लगेच भेटा आणि समुपदेशकाची वेळ घ्या.