पॉडकास्टचा पहिला महिना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी सोलापूरच्या जुन्या गिरण्या आणि चाळींवर पॉडकास्ट करतोय. चार मुलाखती तयार आहेत, दर आठवड्याला एक भाग द्यायचा विचार आहे. गुढीपाडव्याला शुभारंभ करावा का? आणि पहिल्या दिवशी किती भाग टाकावेत? (सोलापूर)

पाडवा टाळा. त्या दिवशी प्रत्येकाचा फोन गुढीच्या चित्रांनी आणि शुभेच्छांनी भरलेला असतो, त्यात तुमची लिंक कुणाला दिसणार? त्यानंतरचा एखादा साधा मंगळवार किंवा बुधवार धरा.

पहिल्या दिवशी तीन भाग द्यावेत. एक ऐकून आवडला तर लगेच दुसरा लावायला मिळतो, आणि 'फॉलो'चं बटण माणूस तेव्हाच दाबतो. पण चारच भाग हाताशी असताना तीन टाकू नका. पॉडकास्ट रखडतो तो चौथ्या-पाचव्या आठवड्यात : पाहुण्याने तारीख बदलली, एकीला ताप आला, शिल्लक काही नाही, मग 'या आठवड्यात भाग येणार नाही' अशी पोस्ट, आणि पुढे तीही नाही. आठवड्याला एक भाग द्यायचा असेल तर निदान सात भाग संपादित होऊन पडलेले हवेत : तीन पहिल्या दिवसाचे, चार पुढच्या महिन्याचे. एवढे जमत नसतील तर सरळ पंधरवड्याला एक भाग करा. मग पाच पुरतात, त्यातले दोन पहिल्या दिवशी. एका मिनिटाच्या कच्च्या ध्वनिमुद्रणाला संपादनाची तीन-चार मिनिटं जातात, म्हणजे पाऊण तासाच्या मुलाखतीला सव्वादोन ते तीन तास. नोकरी सांभाळून हे बसतंय का, ते आधी बघा.

आता वेळापत्रक. चार आठवडे आधी नाव, कव्हर आणि होस्टिंगचं (भागांच्या फाइली ठेवून ॲप्सना पुरवणाऱ्या सेवेचं) खातं. तीन आठवडे आधी साठ ते नव्वद सेकंदांचा ट्रेलर होस्टिंगवर चढवा, आणि भागाचा प्रकार विचारला जातो तिथे 'ट्रेलर' निवडा, नाहीतर तो पहिला भाग म्हणून यादीत बसतो. ट्रेलर इतक्या आधी टाकायचा कारण रिकामी फीड (होस्टिंग तयार करतं ती भागांची यादी, जिच्यावरून ॲप्स नवे भाग घेतात) ॲपल स्वीकारत नाही, निदान एक भाग किंवा ट्रेलर लागतो. मग त्याच दिवशी फीडची लिंक ॲपल, स्पॉटिफाय, यूट्यूब आणि ॲमेझॉन म्युझिकला द्या. ॲपलची तपासणी कधी काही तासांत होते, कधी काही दिवस घेते. मधे शनिवार-रविवार आला आणि वर कव्हर परत आलं, तर आठवडा असाच जातो. (जुन्या मार्गदर्शिकांमध्ये गूगल पॉडकास्ट्सवर नोंदणी करा असं अजून सापडतं. ती सेवा 2024मध्ये बंद झाली.)

इथे हमखास अडणारी एक गोष्ट : फीड तुमचीच आहे हे ताडण्यासाठी स्पॉटिफाय फीडमधल्या ईमेलवर कोड पाठवतं. काही होस्टिंग कंपन्या स्पॅम टाळायला हा ईमेल लपवतात, मग कोड कुठेच येत नाही. नोंदणीपुरता ईमेल उघडा ठेवा, काम झालं की लपवा.

ट्रेलरची सुरुवात 'नमस्कार, मी अमुक, माझ्यासोबत आहे तमुक' अशी करू नका. तुमच्या मुलाखतींमध्ये गिरणीच्या भोंग्याबद्दल बोलणारं कुणीतरी असेलच. त्या माणसाचं एक सणसणीत वाक्य आधी, मग तुमची ओळख, आणि शेवटी दिवस, वेळ आणि 'फॉलो करा'.

शुभारंभाच्या सकाळी लिंक आधी एका अँड्रॉइडवर आणि एका आयफोनवर उघडून बघा. व्हॉट्सॲपवर एमपीथ्री फाइल कधीही पाठवू नका. ती हातोहात फिरेल, पण तुमच्या आकड्यांत येणार नाही आणि ऐकणाऱ्याला पुढचा भाग कधी आला हे कळणार नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. त्यापेक्षा ज्यांना विषयाची खरोखर आवड आहे अशा चाळीस-पन्नास जणांना नाव घेऊन, वेगवेगळा निरोप लिहा. मामेभावाच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकून काही होत नाही.

प्रश्न : आवाज घुमतो, आणि 'फ', 'भ' आले की धप्प असा आवाज येतो. सहा हजारांत चांगला माइक कोणता? (नाशिक)

घुमणं हा खोलीचा दोष आहे, महागड्या माइकने तो जात नाही. उलट कंडेन्सर माइक (दूरचे, बारीक आवाजही टिपणारा) घेतलात तर फरशी, उघड्या भिंती, पंखा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी, सगळं जास्त ऐकू येईल. यूएसबीवर चालणारा डायनॅमिक माइक (मुख्यतः जवळचाच आवाज घेणारा) घ्या, तो पाच हजारांच्या आत मिळतो. लहान खोली निवडा, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, पाठीमागे दोरीवर एक-दोन गोधड्या टाका आणि टेबलावर जाड चादर. पंखा आणि फ्रिज बंद. बोलण्याआधी वीस-तीस सेकंद काहीच न बोलता मुद्रण करा. पुढे संपादनात खरखर काढायला आणि जोड लपवायला तो तुकडा लागतो.

'फ', 'भ', 'ख' म्हणताना तोंडातून हवेचा झोत सरळ पुढे जातो, आणि तो माइकच्या पडद्यावर आदळला की धप्प होतं. माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे रोखा, अंतर चार बोटांपासून एका मुठीपर्यंत, वर फोमची टोपी. झोत बाजूने निघून जातो. आवाजाची सर्वांत उंच उडी उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी) लावा. आवाज एकदा फाटला की नंतर सांधता येत नाही.

अंतिम फाइल मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज) असेल तर सरासरी पातळी उणे 19 एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप), स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा) असेल तर उणे 16, आणि कमाल पातळी उणे 1 डेसिबलच्या खाली. निव्वळ बोलण्यासाठी मोनो, 64 केबीपीएस (एका सेकंदाच्या आवाजाला किती डेटा लागतो त्याचं माप) पुरतं : अर्ध्या तासाचा भाग साधारण 14 एमबीत बसतो, 128 ठेवलंत तर दुप्पट. दोघं बोलणार असाल तर दोन माइक आणि दोन वेगळे ट्रॅक. एकाच्या खोकल्यापायी दुसऱ्याचं वाक्य कापावं लागत नाही.

प्रश्न : नाव देवनागरीत ठेवावं की रोमन लिपीत? कव्हर कसं असावं? (पुणे)

नाव देवनागरीत ठेवा आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत रोमन स्पेलिंग द्या, कारण शोधताना बरेच जण रोमनमध्येच टाइप करतात. नावातच 'मराठी कथा मराठी गप्पा बेस्ट पॉडकास्ट' अशी माळ लावू नका, ॲपल त्यावरून परत पाठवू शकतं. भाषेच्या रकान्यात इंग्रजी तसंच राहून गेलेलं नाही ना, हे तपासा. कव्हर चौरस, 3000 बाय 3000 पिक्सेल, जेपीजी किंवा पीएनजी. फोनवर ते नखाएवढं दिसतं. बारीक अक्षरातल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं तिथे एकमेकांत मिसळतात, म्हणून ठसठशीत अक्षर आणि फार तर चार शब्द.

प्रश्न : सुरुवातीला 1970च्या दशकातल्या एका गाण्याचे पंधरा सेकंद वापरले तर चालतं ना? आणि दिवंगत लेखकांच्या कथा वाचल्या तर? (कोल्हापूर)

चालत नाही. 'तीस सेकंदांपर्यंत माफ' असा नियम भारतीय कायद्यात नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. तिथल्याच एखाद्या हलगीवाल्याला योग्य मानधन देऊन दहा सेकंदांचा ठेका वाजवून घ्या, आणि तो कुठे, किती काळ वापरणार हे लिहून सही घ्या.

कथांचं गणित असं : लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यावर पुढची 60 वर्षं हक्क वारसांकडे. 1964मध्ये निधन झालं असेल, तर त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 1 जानेवारी 2025पासून मोकळं. मरणोत्तर प्रकाशित झालेलं लेखन, अनुवाद आणि नंतरच्या आवृत्तीची प्रस्तावना यांना हा हिशेब लागू होत नाही.

प्रश्न : श्रोते अर्धे महाराष्ट्रात, अर्धे इथे. भाग किती वाजता टाकावा? (न्यू जर्सी)

भारतातल्या पहाटे सहाला. तेव्हा तुमच्याकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ (हिवाळ्यात साडेसात) वाजलेले असतात. दोन्हीकडे पुढची सकाळ प्रवासाची असते.

प्रश्न : पहिल्या आठवड्यात 140 डाउनलोड झाले. नातेवाइकांकडून पाच ताऱ्यांची परीक्षणं लिहून घेतली तर क्रमवारीत वर येऊ का? (ठाणे)

नाही. ॲपलच्या क्रमवारीत ऐकणं, फॉलो आणि भाग शेवटपर्यंत ऐकण्याचं प्रमाण मोजलं जातं, तारे आणि परीक्षणं मोजली जात नाहीत. आकडा कसा मोजला जातो तेही समजून घ्या : रूढ पद्धतीत निदान एका मिनिटाचा आवाज उतरला तरच डाउनलोड धरतात, आणि एकाच इंटरनेट जोडणीवरून त्याच ॲपने चोवीस तासांत कितीदा लावलं तरी एकच. आईने दहा वेळा लावलं तरी फरक नाही.

एकूण आकडा सोडा, प्रत्येक भागाचा सात दिवसांचा आकडा वहीत लिहा आणि ॲपलच्या व स्पॉटिफायच्या पॅनेलमधला, किती जण कुठपर्यंत ऐकतात ते दाखवणारा आलेख उघडा. पहिल्या दोन मिनिटांत रेषा कोसळत असेल तर संगीत आणि ओळखपाळख कापा. मधेच एका जागी खड्डा असेल तर तो भाग स्वतः ऐका, बहुधा प्रश्न लांबलेला असतो. कापलेली फाइल चढवताना भाग डिलीट करून नव्याने टाकू नका, त्याच भागात 'फाइल बदला' करा. नव्याने टाकलात तर ज्यांनी आधीच उतरवून घेतलाय त्यांच्या यादीत तो दोनदा दिसेल आणि जुने आकडेही नव्या भागाला लागणार नाहीत.