किल्ल्या वाचनालयाच्या कपाटात हव्यात

प्रश्न: गिरगावात आमचं छोटं वाचनालय आहे. अकरा हजार पुस्तकं, साडेतीनशे सभासद. पाच वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने देवघेवीचं सॉफ्टवेअर करून दिलं. आता तो नोकरीसाठी पुण्याला असतो. गेला महिनाभर वर्गणीची पावती छापायला गेलं की प्रोग्राम बंद पडतो. बाहेरून बोलावलेला माणूस म्हणतो, सगळं नव्याने करावं लागेल, दोन लाख रुपये. काय करावं?
– कार्यवाह, गिरगाव

उत्तर: ताई, दोन लाखांचा ठराव या बैठकीत घेऊ नका. महिन्याभरापूर्वी प्रिंटर बदलला होता का, हे आधी ग्रंथपालांना विचारा. पावतीपाशीच अडत असेल तर दुखणं बहुधा तेवढंच असतं. त्या माणसाला फक्त ते शोधायचे तासाप्रमाणे पैसे द्या. छोट्या कामात माणूसही कळतो.

पण त्याने हात लावायच्या आधी डेटाबेसची प्रत दोन वेगळ्या डिस्कवर घ्या. एक डिस्क तुमच्या घरी ठेवा. मग पुस्तकं, सभासद आणि थकबाकी अशा तीन याद्या एक्सेलमध्ये, युनिकोड मराठीत (म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा) काढून मागा. पुस्तकांची नावं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर रूपांतर करताना रफार आणि ऱ्हस्व इकार जागा सोडतात. दादरच्या एका संस्थेत मी या कामाला बसले होते. ‘सूर्य’चा ‘सूयर्’ झाला होता आणि कपाटात असलेलं पुस्तक शोधात येत नव्हतं. तीन रविवार आम्ही ओळ न् ओळ वाचली.

त्या मुलावर रागावू नका. एका रविवारी त्याला बोलवा, दिवसाचं मानधन द्या आणि सोर्स कोड (त्याने लिहिलेला मूळ प्रोग्राम), पासवर्ड, वेबसाइट असेल तर डोमेनचं, म्हणजे तिच्या पत्त्याचं खातं, सगळं संस्थेच्या नावावर करून घ्या. तेही लेखी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. बाहेरच्या माणसाने लिहिलेला कोड लेखी हस्तांतर नसेल तर एरवी त्याचाच राहतो. त्या कागदात हस्तांतराची मुदतही घाला, कारण ती लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. ओळखीतल्या कामात हा कागद राहूनच जातो, आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं.

नवं घ्यायची वेळ आलीच तर ‘कोहा’ ही ग्रंथालयांसाठीची प्रणाली बघा. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. त्यांनी बाहेरच्या एका कंपनीकडून नवी करून घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परवान्याचे पैसे नाहीत, पण ती लिनक्सवर चालते. बसवायला, बॅकअपला माणूस लागणार, त्याची तरतूद अंदाजपत्रकात करा.

आणि हाताने लिहिलेल्या दाखल नोंदवह्या जपून ठेवा. याद्या ताडून पाहायला त्याच लागतील.