पहिला चांगला हेडफोन कोणता घेऊ?

प्रश्न : दादा, मी सातपूरला कंपनीत आहे, रात्री शास्त्रीय गाणं ऐकतो. बजेट ३००० रुपये. ब्लूटूथ घेऊ की वायरवाला, आणि अ‍ॅम्प (आवाजाला जोर देणारं यंत्र) पण लागेल का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : वायरवाला इन-इअरच (कानाच्या आत बसणारा) घ्या, ब्लूटूथमध्ये बरेच पैसे बॅटरी नि चिपमध्येच जातात. अ‍ॅम्पच्या मागे आत्ता लागूच नका, १६ ते ३२ ओहमवाले (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) बहुतेक हेडफोन मोबाईलवर आरामात वाजतात. मोबाईलला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा डॅक (मोबाईलचा डिजिटल आवाज वायरवाल्या हेडफोनला चालेल असा करणारा जोड), बास. आणि खरं सांगू, लोक बेस नाही म्हणून रडतात पण टिप्सचं, म्हणजे कानात जाणाऱ्या मऊ टोप्यांचं, मापच चुकलेलं असतं, कानात नीट सील बसलं नाही की तबल्याचा डग्गा गायबच होतो, म्हणून बॉक्समधले सगळे साइज लावून बघा. एमजी रोडला दुकानात गेलात तर रोज ऐकता तेच गाणं लावून ऐका, दुकानदाराचं नको.