तलावातील हिरवे शेवाळ कसे ओळखावे?

भंडारा जिल्ह्यातील मामा (माजी मालगुजारी) तलावांत पावसाळ्यानंतर दिसणारे हिरवे शेवाळ एकाच प्रकारचे असते का, असा आपला प्रश्न आहे. तसे नसते. नेमकी जाती ठरवण्यास सूक्ष्मदर्शक लागतो. परंतु प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, अंदाज पुष्कळदा बोटांनीच येतो.

थोडे शेवाळ पांढऱ्या ताटलीत, स्वच्छ पाण्यात पसरावे. धागे बिनफांद्यांचे, बुळबुळीत व चिमटीतून निसटणारे असतील, तर ते बहुधा स्पायरोगायरा असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत हरितलवकाची मळसूत्री पट्टी दिसली की शंका उरत नाही. खरखरीत, फांद्या फुटलेले, दगडाला चिकटलेले धागे बहुतेक क्लॅडोफोराचे असतात. हायड्रोडिक्टियन साध्या डोळ्यांनाही ओळखू येते, कारण त्याची रचना ढिवरांच्या जाळ्यासारखी असून प्रत्येक घर साधारणपणे पाच-सहा कोनांचे असते.

कारा या शेवाळाला अनेक जण पाणवनस्पती समजून वगळतात, हे मला फार खटकते. त्याच्या दांड्यावर ठरावीक अंतराने बारीक फांद्यांची वलये असतात, चुन्याच्या थरामुळे ते हाताला करकरीत लागते आणि चुरगळल्यावर लसणासारखा उग्र वास येतो.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग असेल आणि काडीला एकही धागा लागत नसेल, तर ते बहुधा नीलहरित जीवाणू असतात. त्यांपैकी काही विषारी असल्याने तेथे गुरांना पाणी पाजू नये.