एका दिवसाला एकच ठिकाण

काल फोनवर तुझा आवाज भरून आला आणि मी 'बघू गं, होईल सगळं नीट' म्हणून फोन ठेवून दिला, ते मला रात्रभर टोचत होतं. म्हणून आता सावकाश लिहिते.

तुझे आईबाबा इथं अमेरिकेत आले की त्यांना फिरवायच्या ट्रिपची तू पाठवलेली एक्सेल सकाळी चहा घेताना उघडली. नऊ दिवस. नूअर्कहून सॉल्ट लेक सिटी, तिथून ग्रँड टीटन, मग यलोस्टोन, मग माउंट रशमोरचे ते डोंगरात कोरलेले चेहरे, मग डेन्व्हर आणि परत. प्रत्येक पॉइंटपुढे मिनिटं लिहिलीयस. ओल्ड फेथफुल, यलोस्टोनमधला तो गरम पाण्याचा फवारा, ४० मिनिटं. अगं ते पाणी साधारण दीड तासाने एकदा उडतं, त्यातही दहा मिनिटं मागेपुढे. तुम्ही पोचायच्या पाच मिनिटं आधी उडून गेलं असेल तर काय करणार? ४० मिनिटं झाली म्हणून आईला उठवणार बाकावरून?

एका दिवसाला एकच ठिकाण. मला एवढंच सांगायचंय, बाकीचं तुझं तुला कळतं.

तुझी अडचण कळली मला. नवरा म्हणतो एवढा खर्च करून जातोय तर रशमोर का सोडायचं, आई म्हणते मला काही बघायचं नाही फक्त तुझ्याजवळ राहू दे, आणि बाबा म्हणतात तुम्ही ठरवाल ते. आणि तुला मनातून वाटतंय की त्यांचं वय बघता ते परत येतील न येतील, एकदाच काय ते सगळं दाखवून टाकू. हे 'दाखवून टाकू' आहे ना, तिथंच माझं डोकं फिरतं, कारण मी अगदी हेच केलंय.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये माझे आईबाबा आले होते. आम्ही दोघांनी रजा जोडून जोडून दहा दिवस काढले होते आणि त्यात लॉस एंजेलिस, वेगास, ग्रँड कॅनियन, सॅन फ्रान्सिस्को सगळं बसवलं. कॅनियन तर वेगासहून एका दिवसात, जायला साडेचार तास आणि यायला तेवढेच, वर वाटेत हूवर डॅम. बाबा एसटीत कंडक्टर होते, महाबळेश्वर-महाड लाइनवर कितीतरी वर्षं काढलेली. कॅनियनच्या कडेवर मॅथर पॉइंटला रेलिंगपर्यंत चालत जाताना त्यांना धाप लागली. मला वाटलं वयामुळे, नंतर कळलं की ती कडाच सात हजार फुटांवर आहे, आपलं कळसूबाई ५,४०० फूट. बाबा एका दगडावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "आंबेनळी घाटात एकदा गाडी बंद पडलेली रात्री, पावसाचं, तेव्हा असंच बसलो होतो बघ, आणि गाडीत एक..." आणि मी म्हणाले, बाबा, गाडीत सांगा, अंधार व्हायच्या आत निघायचंय, सकाळी सहाचं विमान आहे.

गाडीत बसल्यावर दहा मिनिटांत त्यांना झोप लागली.

त्या गाडीत एक काय होतं? कोण होतं? मी परत विचारलंच नाही, आधी सॅन फ्रान्सिस्कोची गडबड, मग ऑफिस, मग ते गेले परत, आणि २०१२ ला बाबा वारले. आईला विचारलं तर तिला काही माहीत नाही. माझ्याकडे त्या दिवसाचे शंभरेक फोटो आहेत, सगळ्यांत बाबा उभे आहेत, बसलेला एकही नाही.

आता तू म्हणशील काकू, तुमची वेळ वेगळी होती. होती ना. आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं, रजा मागायची तर मॅनेजरचं तोंड बघावं लागायचं, तिकिटं महाग, बाबांना परत व्हिसा मिळेल की नाही तेही माहीत नाही. मी वाईट मुलगी नव्हते गं, मी प्रेमापोटीच पळवलं त्यांना. पण पळवलंच. आणि तुझ्याकडे तर तेही कारण नाही, त्यांना एअरपोर्टवर बहुतेक सहा महिने देतील, मग उतरल्यावर पाचव्या दिवशी ही ट्रिप कशाला? त्यांची तर अजून दिवसाची रात्रच चालू असेल. तीन आठवडे घरी राहू दे, मग जा.

बाबांना अमेरिकेतलं सगळ्यात काय आवडलं सांगू? आमच्या कोपऱ्यावरची बस. रजा संपल्यावर आम्ही ऑफिसला, तर ते एकटेच बसमध्ये बसून शेवटच्या स्टॉपला जायचे आणि त्याच बसने परत यायचे. तीनदा गेले. कंडक्टर नसताना ड्रायव्हर तिकिटाचे पैसे कसे घेतो, सुटे नसले तर काय करतो, म्हातारं माणूस चढताना पायरी कशी खाली येते, रात्री जेवताना तासभर सांगत होते. दिवसभरात तेवढंच एक केलेलं, म्हणून तर सांगायला तासभर होता!

तर रशमोर काढ. यलोस्टोनहून तिथं जायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत, आईचे गुडघे आणि बाबांचं दर दीड तासाला रेस्टरूम, तुलाच माहितीय. डेन्व्हर काढ, सॉल्ट लेकहूनच परत ये. यलोस्टोनला पाच दिवस दे. एका दिवशी फक्त ओल्ड फेथफुल, दोनदा उडताना बघा, मधल्या वेळात बाकावर बसून दशम्या खा. एका दिवशी फक्त यलोस्टोनचा तो तलाव. तिथंही उंची सात हजारांच्या वरच आहे, तेव्हा पहिल्या दिवशी काहीच नको, नुसतं पाणी आणि झोप. तिथले बायसन, आपल्या गव्यांसारखे, रस्त्यात उभे राहिले की अर्धा अर्धा तास गाड्या हलत नाहीत, आणि तुझ्या बाबांना तेच सगळ्यात आवडेल बघ, फक्त खाली उतरू देऊ नकोस, २५ यार्ड लांब राहायचा नियम आहे.

एअरपोर्टला व्हीलचेअर न विचारता बुक कर, विचारलंस तर ते नकोच म्हणणार. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत. व्हिजिटर इन्शुरन्स घेताना जुन्या दुखण्यांचं कलम स्वतः वाच, बहुतेक ठिकाणी ती कव्हर नसतात. किचन असलेली खोली घे, तिसऱ्या दिवशी त्यांना वरणभात लागणारच.

आणि आई म्हणते 'मला काही बघायचं नाही', ते खरं मान ना एकदा! ती तुला बघायला येतेय. तू दिवसभर फोनमध्ये पुढचा पॉइंट शोधत राहिलीस तर तिनं बघायचं काय?

सॉल्ट लेकला उतरल्यावर आधी दोन फोल्डिंगच्या खुर्च्या घे, वीस-पंचवीस डॉलरला मिळतात, येताना तिथंच कुणालातरी देऊन टाक. जिथं बाबा म्हणतील इथं जरा बसू, तिथं खुर्ची उघडायची आणि घड्याळ पर्समध्ये टाकायचं.

शनिवारी ये. लॅपटॉप घेऊन ये, रशमोरची ओळ माझ्यासमोर डिलीट कर. थालीपीठं लावते.

काकू