खाली बसवलेली जुनी कॅम्पर व्हॅन

प्रश्न : माझ्या १९७२ च्या फोक्सवॅगन टाइप २ कॅम्परची उंची आधीच्या मालकाने कमी केली आहे. ती मूळ उंचीवर कशी आणावी?

उत्तर : पुढच्या बीममध्ये (पुढच्या चाकांचे सस्पेन्शन पेलणाऱ्या आडव्या नळ्यांमध्ये) उंची कमी-जास्त करणारे अ‍ॅडजस्टर बसवले असल्यास ते फिरवून उंची वाढवता येते, स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो भाग) बदलले असल्यास मात्र मूळ स्पिंडलच शोधावे लागतील. मागे टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचे काम करणारी पोलादी दांडी) असून त्याच्या दोन टोकांवरील दात्यांची संख्या वेगवेगळी असते, त्यामुळे बारीक फेरबदल साधतो. परंतु या बारला मागच्या चाकाशी जोडणाऱ्या पट्टीवर, म्हणजे स्प्रिंग प्लेटवर, प्रचंड ताण असल्याने हे काम, आमच्या मते, अनुभवी मेकॅनिकवरच सोपवावे. उंची कमी करताना आखूड शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले असल्यास ते काढून मूळ लांबीचे बसवावेत. आतले सामान गाडीत ठेवूनच उंची मोजावी आणि थोडे अंतर चालवल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावी.